व्हिडिओ गेमचा बॅज जरूर द्या, पण गुणसंख्येसाठी नको

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

स्काऊट-गाईडच्या मुलांना व्हिडिओ गेमसाठी बॅज द्यावा की देऊ नये, यावर आपल्या वाचकपत्रांच्या सदरात जो वाद सुरू आहे, तो मी मनापासून वाचते आहे. गाईड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या पथकाची प्रमुख, म्हणून माझे बरेचसे आयुष्य या चळवळीत गेले. गाठी, प्रथमोपचार, नकाशावाचन अशा कितीतरी बॅजांच्या परीक्षा मी घेतल्या आहेत. काही मुलींना तिथल्या तिथे बॅज दिला, काहींना आणखी तयारी करून यायला सांगितले. बॅज कशासाठी द्यायचा, याबद्दल माझे मत या कामातून तयार झाले आहे, म्हणून हे पत्र.

बॅज द्यावा, असे मला वाटते. पण समर्थकांच्या पत्रांतले मुख्य कारण मला पटत नाही. मुले गेम खेळतातच, काळ बदलला आहे, तेव्हा आपणही बदलावे, असे ते म्हणतात. मुले दिवसभरात पुष्कळ गोष्टी करतात. त्या सगळ्यांना बॅज देत नाहीत. माझे म्हणणे वेगळे आहे. खेळाचे यंत्र जे मोजू शकते, त्यासाठी बॅज देऊ नये. यंत्राला जे मोजताच येत नाही आणि शेजारी बसलेल्या माणसालाच दिसते, त्यासाठी अवश्य द्यावा, आणि त्याची परीक्षा प्रथमोपचाराइतकीच कसून घ्यावी.

नुसत्या खेळण्यातल्या कौशल्याला शाबासकीची वाण कधीच नव्हती. १९८२ साली अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीचा 'पिटफॉल' हा गेम आला. त्यात २०,००० गुण केले की टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून कंपनीला पोस्टाने पाठवायचा. कंपनी मग कपड्यावर शिवायचा कापडी बिल्ला घरी पाठवून देई, थेट आपल्या बाहीवरच्या बॅजसारखा. त्यांच्या इतर गेमनाही असे बिल्ले होते. पुढे २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० या गेमयंत्राबरोबर 'अचिव्हमेंट' आल्या, २००८ मध्ये प्लेस्टेशनवर ट्रॉफ्या आल्या. आज मूल गेम उघडते आणि पहिल्या पाच मिनिटांत त्याला काहीतरी मिळालेले असते. अशा मुलाला आपण आणखी एक बॅज दिला, तर तो त्या ढिगात जाऊन पडेल.

मग आपल्या बॅजमध्ये निराळे काय? त्यावर ओळखीच्या माणसाची सही असते. कंपनीला त्या फोटोत २०,००० हा आकडा दिसत होता. तो करताना धाकट्या भावाला पाळी मिळाली का, हरल्यावर कंट्रोलर भिंतीवर आपटला का, आईने तीनदा हाक मारली तेव्हा काय उत्तर दिले, हे फोटोत येत नव्हते. आपला परीक्षक नेमके तेच पाहायला बसलेला असतो. निदान बसलेला असावा.

विरोधकांपैकी बहुतेकांचा आक्षेप बसण्यावर आहे. स्काऊटिंग म्हणजे रान, तंबू, पायपीट. त्यात पडद्यासमोर बसणे कुठून आले, असे ते विचारतात. शिबिरावर माझेही जिवापाड प्रेम आहे. पण बसून करायच्या गोष्टींना या चळवळीने कधी नाही म्हटलेले नाही. अमेरिकेतल्या स्काऊट्समध्ये टपाल तिकिटे जमवण्याचा बॅज आहे, नाण्यांचा आहे, वाचनाचा आहे, आणि २०११ पासून बुद्धिबळाचाही आहे. १९५८ पासून जगभरचे स्काऊट हौशी रेडिओवरून एकमेकांशी बोलण्यासाठी 'जांबोरी ऑन द एअर' हा मेळावा भरवतात, आणि १९९० च्या दशकापासून त्याच धर्तीवर इंटरनेटवरही जांबोरी भरते. खुद्द चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी मुलांना निरीक्षण शिकवायला जो खेळ घेतला तो बैठाच होता. तबकात बारीकसारीक वस्तू मांडायच्या, मिनिटभर पाहू द्यायच्या, वर कापड टाकायचे आणि आठवून लिहायला सांगायचे. 'किम्स गेम' आम्ही सगळ्याच कॅप्टननी घेतला आहे. तबकातल्या वस्तू आठवण्यातले जे कसब, तेच एखाद्या गेममधला गुंतागुंतीचा नकाशा डोक्यात ठेवताना लागते. तेव्हा बसण्याचा मुद्दा मला कच्चा वाटतो. शिबिराचे तास कापून बॅज द्यायला निघालात तर मीच पहिला विरोध करीन, पण तशी सूचना माझ्या वाचनात तरी आलेली नाही.

२०१० मध्ये अमेरिकेत हा प्रयोग होऊन गेला आहे, त्याचा उल्लेख दोन-तीन पत्रांत आला. पण तिथल्या अटी कोणी वाचल्या असाव्यात, असे त्या पत्रांवरून दिसत नाही. बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिकेने कब, म्हणजे स्काऊटमधल्या सर्वांत धाकट्या गटातल्या, मुलांसाठी पट्ट्यात ओवायचा धातूचा बिल्ला ठेवला होता आणि त्याच्या पुढचा टप्पा म्हणून एक पिन होती. बिल्ल्याला तीन अटी. गेमना वयोगटाचे शिक्के का असतात ते समजावून सांगायचे आणि आपल्याकडचे गेम आपल्या वयाला योग्य आहेत का ते तपासायचे. मोठ्या माणसाबरोबर बसून घरकाम, अभ्यास आणि गेम यांचे वेळापत्रक करायचे आणि ते पाळायचा प्रयत्न करायचा. पालकांनी किंवा शिक्षकांनी मान्य केलेला एक नवा गेम शिकायचा. यात 'इतके गुण करा' असे कुठेही नव्हते. तरीही त्या वेळी त्याची भरपूर खिल्ली उडाली. २०१५ मध्ये कबचा सगळा अभ्यासक्रमच नव्याने मांडला गेला, आणि इतर विषयांच्या बिल्ल्यांबरोबर हाही गेला.

त्या तीन अटींवर मी आजही सही करीन. पिनेच्या यादीतल्या काही अटींवर मात्र करणार नाही. दोन गेमयंत्रांची तुलना करा आणि यंत्र विकत घेण्याची चांगली कारणे लिहून काढा. एका गेमची किंमत तीन दुकानांत विचारून कुठे स्वस्त मिळतो ते ठरवा. मित्राबरोबर तासभर गेम खेळा. किमतींची तुलना करणे वाईट नाही, पण ती शिकवायला गेमच कशाला हवा? आणि विकत घेण्याची चांगली कारणे मुलांकडून लिहवून घेणे हे कंपनीच्या विक्रेत्याचे काम झाले, कबमास्तरचे नव्हे. याच यादीत एक सोन्यासारखी अटही होती: एखाद्या मोठ्या माणसाला किंवा मित्राला गेम शिकवा. तिच्याकडे मी पुढे येते.

आधी वेळापत्रकाबद्दल सांगते, कारण घराघरातले भांडण त्यावरूनच होते. जेवायला चल, म्हणून आई हाक मारते. मूल म्हणते, दोन मिनिटं. दोन मिनिटांची वीस होतात, मग आवाज चढतात. आमच्या गाईड पथकातल्या एका मुलीला मी विचारले, तू लगेच का उठत नाहीस? तिने शांतपणे सांगितले, "मॅडम, आम्ही पाच जणी एका बाजूने खेळतो. मॅच मध्येच थांबवता येत नाही. मी उठले तर बाकीच्या चौघी हरतात." हे बहुतेक पालकांना ठाऊक नसते. त्यांना वाटते, पुस्तकात खूण घालून ठेवावी तसा गेमही ठेवता येतो. काही गेम ठेवता येतात, काही येत नाहीत. म्हणजे त्या मुलीपुढे दोन वचनांचा प्रश्न होता, एक आईला दिलेले आणि एक मैत्रिणींना दिलेले. मी तिला एवढेच विचारले, की मॅच साधारण किती वेळ चालते हे तुला माहीत आहे ना? माहीत होते. मग जेवणाला तेवढा वेळ उरला नसेल तेव्हा नवी मॅच सुरूच का करतेस? ती विचारात पडली. पुढच्या बैठकीला ती कागद घेऊन आली. तीन गेम, त्यांच्या एका डावाला कमीत कमी आणि जास्तीत जास्त लागणारा वेळ, आणि संध्याकाळी कोणता गेम किती वाजल्यानंतर उघडायचा नाही, हे तिने स्वतः लिहिले होते. तिच्या आईने तो कागद फ्रिजवर लावला.

बॅज द्यायचा तो या कागदासाठी. दिवसाला किती तास खेळायचे याचे सरकारी उत्तर चीनने २०२१ मध्ये देऊन पाहिले: अठरा वर्षांखालच्या मुलांना ऑनलाइन गेम फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी, रात्री आठ ते नऊ. तिथे बाहेरून कुलूप लागते. आम्हाला मुलांच्या हातात किल्ली द्यायची आहे, आणि ती वापरता येते का हे पाहायचे आहे. अंधार पडायच्या आत तंबू उभा करायचा तर किती वाजता चालणे थांबवायचे, हे जी गाईड ठरवू शकते, ती मॅच कधी सुरू करायची नाही हेही ठरवू शकेल.

आता शिकवण्याची अट. परीक्षक म्हणून मला हिच्याइतकी आवडलेली दुसरी नाही. क्लोव्ह हिच ही गाठ शिकवताना नव्या संघनायिकेची नेहमीची चूक म्हणजे समोरची मुलगी अडखळली की ती दोरी आपल्या हातात घेते. "आण इकडे, मी करते." गाठ बसते, पण समोरचीला काही येत नाही. आम्ही सांगत असू, हात पाठीमागे बांध आणि तोंडाने सांग. गेमच्या बाबतीत हा मोह दसपट असतो, कारण पडद्यावर सगळे भराभर चाललेले असते आणि शिकणारा दर क्षणाला चुकत असतो. पथकातल्या एका मुलीने आपल्या आजोबांना गेम शिकवला तेव्हा मी तिथे बसले होते. आजोबांचा खेळाडू पुन्हा पुन्हा त्याच खड्ड्यात पडत होता. मुलीचे हात कंट्रोलरकडे जात आणि ती ते मागे घेई. मग तिने पद्धत बदलली. आधी पडद्यावरचा खेळ थांबवला आणि प्रत्येक बटण कशाचे आहे ते आजोबांकडूनच वदवून घेतले, मग धावायचे सोडून नुसती उडी मारायला लावली, आणि उडी जमल्यावर चालत जाऊन उडी. धावणे सगळ्यात शेवटी. तिला हे कोणी शिकवले नव्हते. यंत्राने त्या संध्याकाळची नोंद कशी ठेवली असेल? एक खेळाडू, पुष्कळ वेळा बाद, गुण नगण्य. माझ्या वहीत मी लिहिले की ही मुलगी संघनायिका व्हायला तयार आहे.

अमेरिकेत २०१३ साली स्काऊटांसाठी 'गेम डिझाइन' असा मेरिट बॅज सुरू झाला. तो खेळण्यापेक्षा खेळ घडवण्याचा आहे, आणि खेळ व्हिडिओ गेमच असला पाहिजे अशी सक्ती नाही, सोंगट्या-पत्त्यांचा किंवा मैदानी चालतो. त्यात आधी निरनिराळ्या प्रकारचे चार खेळ तपासायचे, एखाद्या जुन्या खेळाचे नियम बदलून काय होते ते पाहायचे, मग स्वतःचा खेळ बांधून तो खेळून बघायचा आणि सगळे वहीत टिपायचे. शेवटी जी चाचणी आहे ती मला फार मोलाची वाटते. आपल्या खेळाचे नियम कागदावर लिहायचे, ज्यांनी तो कधी पाहिलेला नाही अशांना कागद आणि खेळ द्यायचा, आणि आपण बाजूला बसून पाहायचे. एक अक्षर बोलायचे नाही. ते चुकीचे समजून भलतेच खेळू लागले तरी नाही. समोरच्याला कळले नाही तर दोष आपल्या लिहिण्यात असू शकतो, ही समज बारा-तेरा वर्षांच्या मुलाला इतक्या रोखठोकपणे देणारी परीक्षा मला तरी दुसरी माहीत नाही. आपल्याकडेही नुसत्या खेळण्याच्या बॅजला लागूनच हा पुढचा टप्पा ठेवावा, म्हणजे ज्याला गोडी लागली आहे त्याला पुढे जायला वाट राहील.

धोक्यांबद्दल विरोधकांनी जे लिहिले आहे ते खोटे नाही, आणि बॅजच्या समर्थकांनी ते झटकून टाकू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात घेतला आहे; ती आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यातली लक्षणे साधी वाचण्यासारखी आहेत: खेळण्यावर ताबा न राहणे, बाकीच्या कामांपेक्षा आणि आवडींपेक्षा गेमलाच अग्रक्रम मिळणे, नुकसान होत असूनही खेळत राहणे, आणि हे साधारण वर्षभर चाललेले असणे. पुष्कळ खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते, हेही त्यातूनच कळते. ही लक्षणे गाईडला स्वतःच्या शब्दांत सांगता आली पाहिजेत. अतिश्रमाची आणि उष्माघाताची लक्षणे आपण पाठ करून घेतोच की.

दुसरी गोष्ट पैशांची. गेममध्ये पैसे देऊन बंद पेटी घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर, असा प्रकार असतो. त्याला लूट बॉक्स म्हणतात. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्ये काही लोकप्रिय गेममधल्या अशा पेट्या जुगाराच्या कायद्यात बसतात असे ठरवले. मोठमोठ्या माणसांना जिथे निर्णय द्यावा लागला, तिथे मुलाला निदान ओळखता तरी यायला हवे. माझी सूचना अशी की परीक्षेत मुलाने स्वतःच्या आवडत्या गेममधल्या अशा जागा दाखवाव्यात: इथे हा गेम मला रोज परत यायला लावतो, इथे पैसे मागतो, इथे मैत्रिणीकडे आहे आणि माझ्याकडे नाही असे दाखवून खिजवतो. आवडत्या गोष्टीतला डावपेच दाखवणे सोपे नसते. मुले मात्र आपल्याला वाटते त्यापेक्षा चटकन दाखवतात, कारण त्या जागा त्यांना रोज बोचत असतात.

तिसरी, अनोळखी माणसे. पलीकडे कोण आहे, नाव-वय-शाळा सांगायची की नाही, कोणी घाणेरडे बोलले तर ब्लॉक कसे करायचे, तक्रार कुठे करायची, आणि कोणत्या मोठ्या माणसाला सांगायचे. ब्रिटनच्या स्काऊट संघटनेने 'डिजिटल सिटिझन' नावाचे टप्प्याटप्प्याचे बॅज ठेवले आहेत, त्या वाटेने आपल्यालाही जाता येईल. यात मी एकच जोड देईन. स्वतःला सांभाळणे पुरेसे नाही. खेळात दुसऱ्या कोणाला सगळे मिळून छळत असतील तेव्हा गाईडने काय केले, हे विचारावे. आमच्या एका मुलीने सांगितले की तिच्या गटातला एक लहान मुलगा सारखा चुकायचा आणि बाकीचे त्याला बोलायचे, म्हणून ती त्याच्याबरोबर वेगळी दोघांचीच मॅच खेळायला लागली. रोज एक सत्कृत्य करावे, असे आपणच शिकवतो ना? ते तिने तिथे केले. आपण विचारले नसते तर कुणाला कळलेही नसते, आणि तिलाही ते सत्कृत्य वाटले नव्हते.

एका पत्रलेखिकेचा मुद्दा मला सगळ्यात जड वाटला: ज्यांच्या घरी यंत्र नाही, चांगला फोन नाही, त्या मुलांचे काय? १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर झाले तेव्हा बेडन-पॉवेल यांनी श्रीमंतांच्या शाळांतली आणि कामगारवस्तीतली मुले मुद्दाम एकत्र आणली आणि मिसळून संघ केले. चळवळीची सुरुवात जिथून झाली त्याला धक्का लागेल असा बॅज आपण देता कामा नये. म्हणून परीक्षा घरच्या यंत्रावर घ्यायचीच नाही. पथकाचे एक साधे यंत्र असावे, मागून आणलेले जुने चालेल, आणि सगळा संघ त्यावरच पाळीपाळीने खेळेल. एक यंत्र आणि सहा-सात मुले म्हटले की पाळी, थांबणे, दुसऱ्याचे पाहणे हे सगळे आपोआप परीक्षेत येते. गेमही कंपनीने पुरवलेले नकोत. प्रायोजकाचे नाव बॅजच्या जवळपासही दिसता कामा नये, आणि हे नियमातच लिहून ठेवावे.

राहता राहिला परीक्षकांचा प्रश्न, आणि योजना अडेल तर इथेच अडेल. आमच्या पिढीतल्या पुष्कळ कॅप्टन आणि स्काऊटमास्तरांना गेममधले ओ की ठो कळत नाही. अशांच्या हाती यादी दिली की ते खुणा करून सही ठोकतील, आणि मग विरोधक म्हणतात ते खरे होईल. गाठी न येणाऱ्याने गाठींची परीक्षा घेतलेली आपण चालवून घेत नाही. यासाठी रोव्हर आणि रेंजर, म्हणजे चळवळीतल्या थोरल्या गटांतल्या, मुलामुलींना परीक्षक नेमावे. ते खेळतात, त्यांना गेममधल्या लबाड्या ठाऊक आहेत, आणि धाकटी मुले त्यांना आमच्यापेक्षा खरे सांगतात. त्यांच्या जोडीला मुलाला वर्षभर ओळखणारा एक प्रौढ असावा, आणि सही दोघांची असावी. बॅज एका बैठकीत देऊ नये. वेळापत्रकाचा कागद फ्रिजवर लावल्यावर महिना-दोन महिन्यांनी घरी विचारावे की तो अजून तिथे आहे का, आणि मगच द्यावा.

आपल्या वाचकांत अनेक स्काऊटर आणि गाईडर आहेत. कोणी आपल्या पथकात असे काही करून पाहिले असेल, तर त्यांनी या सदरात लिहावे. परीक्षक कोणाला नेमले, एका यंत्रावर किती मुलांचे भागले, आणि पालकांनी वेळापत्रकात किती साथ दिली, एवढे कळले तरी अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांपुढे ठेवायला ते उपयोगी पडेल. तसा मसुदा करायला बसणार असाल तर मला जरूर कळवावे. माझ्या वह्या घेऊन मी यायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त गाईड कॅप्टन